आईच्या घरात तुळईखाली रोज भुसा पडतोय. वाळवी की मुंगळे?

जांबोटी_रोड (रविवार, रात्री ९.५०)

मंडळी, जरा घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

आईचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, वासे आजोबांच्या वेळचे. मी बेळगावात असतो, आठवड्याला एक फेरी होते. गेले पंधरा दिवस मधल्या खोलीत तुळईच्या खाली रोज सकाळी मूठभर भुसा पडलेला असतो. आई झाडून काढते, दुसऱ्या दिवशी परत तेवढाच. रात्री दिवा लावला की भिंतीवरून मोठाले काळे मुंगळे एकामागं एक वर चढताना दिसतात.

शेजारचे अप्पा कन्नड बोलणारे, जुने जाणते. त्यांनी वर बघून एकच शब्द उच्चारला म्हणे, "गेद्दलू". म्हणजे वाळवी. झालं! आईचा रात्री अकराला फोन. दुसऱ्या दिवशी बेळगावातनं एक फवारणीवाला घेऊन गेलो. त्या गृहस्थानं वर मान करूनसुद्धा बघितलं नाही. पायाभोवती दर फुटाला एक भोक पाडून औषध सोडायचं, अठरा हजार, असा हिशेब कागदावर मांडून दिला आणि चहा पिऊन गेला.

माझे प्रश्न दोन. वाळवी आणि मुंगळे एकाच लाकडात राहतात का? आणि अठरा हजार द्यावेत का? मिरग पंधरा-वीस दिवसांवर आलाय. एकदा पाऊस लागला की आमच्याकडं कौलावर चढायचं नाव काढता येत नाही.

गोकाक_करदंट (रविवार, रात्री १०.०५)

डिझेल ओता. आमच्या वडिलांनी तेच केलेलं, आजवर वाळवी नाही.

वडगावची_सून (रविवार, रात्री १०.१२)

कौलारू घरात, वाशात, डिझेल? आणि त्याच वाशावरून विजेची वायर गेलेली असते. काही सुचवायचं म्हणून काहीही सुचवू नका हो.

किडामुंगी (रविवार, रात्री ११.३०)

अठरा हजार आधी खिशातच ठेवा. निदान झाल्याशिवाय औषध नको, डॉक्टरसुद्धा नाडी बघतो.

शाळेत विज्ञान शिकवतो आणि मुंग्यांचं वेड आहे, त्यामुळं लांबण लागणार, सवडीनं वाचा.

पहिलं, भिंतीवर मातीच्या नळ्या आहेत का बघा. वाळवी उघड्यावर चालत नाही, उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. जमिनीतून लाकडापर्यंत ती मातीची, पेन्सिलीएवढी जाड वाट बांधत जाते. मुंगळे बिनधास्त उघड्यावरून फिरतात. नळी नसेल तर जमिनीतली वाळवी असण्याची शक्यता बरीच कमी होते.

दुसरं, एक मुंगळा पकडून पांढऱ्या बशीत टाका आणि बाजूनं बघा. कंबर एकदम बारीक, तिच्यावर एकच गाठ, मिशा कोपरात दुमडलेल्या, पाठ डोक्यापासून कंबरेपर्यंत एकसंध कमानीसारखी, तर तो कॅम्पोनोटस कुळातला. नावाचा अर्थच 'वाकलेली पाठ', मायर या शास्त्रज्ञानं १८६१ मध्ये ठेवलेलं. जगात या कुळाच्या हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या लाकूड पोखरणाऱ्यांमुळं सगळ्या कुळालाच 'सुतार मुंग्या' म्हणायची पद्धत पडली. वाळवीची गोष्ट वेगळी. तिला कंबर नसतेच, अंग सरळसोट, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. ती मुंगीच नव्हे, झुरळांच्या गोतावळ्यातली. पंखवाले सापडले तर पंख बघा. वाळवीचे चारही सारखे लांब, मुंगीचे पुढचे दोन लांब आणि मागचे आखूड.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो भुसा. झाडून टाकू नका. उद्याचा भुसा काळ्या कागदावर गोळा करून भिंगातून बघा. मैद्यासारखा बारीक असेल तर घुण, म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगेरा. खसखशीसारखे एकसारखे टणक दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी, ती मातीच्या नळ्या करत नाही म्हणून फसवते. आणि लाकडाचे तंतू, त्यात किड्यांचे पाय, पंखांचे तुकडे, मेलेल्या मुंग्यांची डोकी असा उकिरडा असेल तर मुंगळे. कारण ही मंडळी लाकूड खात नाहीत. आत खोल्या कोरतात आणि कोरलेलं, घरातल्या कचऱ्यासकट, दारातून बाहेर फेकतात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोघं गुण्यागोविंदानं राहत नाहीत, मुंगळे वाळवीला खातात. पण वाळवीनं पोकळ करून सोडलेल्या लाकडात मुंगळे बिऱ्हाड करू शकतात.

निपाणी_काकवी (सोमवार, सकाळी ६.२०)

आमच्या गुऱ्हाळावर येऊन बघा. डोंगळं पोत्यानं भरून नेता येतील. काकवीची कढई उतरली की दहा मिनिटात हजर. आजपर्यंत आमच्या लाकडाला काय झालेलं नाही बघा. गूळ मिळतोय तोवर लाकूड कोण खातंय?

जांबोटी_रोड (सोमवार, रात्री ८.४०)

किडामुंगी सर, तुमचं ऐकून आज अर्धी रजा टाकली.

भिंतीवर, चौथऱ्यावर, मागच्या पडवीत मातीची नळी एकही नाही. भुसा आईच्या काळ्या छत्रीवर गोळा केला (काळा कागद घरात कुठला). पुतण्याचं शाळेतलं भिंग लावलं. तंतू आहेत, पेन्सिल तासल्यावर पडतात तसले, त्याहून बारीक. आणि आत झुरळाचा अख्खा एक पाय, काटेरी. तीन काळी डोकी. हिरवट चमकणारा एक पंख, कुठल्या तरी भुंगेऱ्याचा असावा. आईनं बघितलं आणि म्हणाली, "एवढं सगळं माझ्या डोक्यावर शिजत होतं होय?"

आता गंमत ऐका. संध्याकाळी अप्पा कट्ट्यावर बसलेले. म्हटलं, अप्पा, वाळवी नाही म्हणतात, मुंगळे आहेत. अप्पा उखडलेच. "मी काय सांगितलं मग? गोद्द म्हटलं की, गोद्द!" कन्नडमध्ये गोद्द म्हणजे मुंगळा आणि गेद्दलू म्हणजे वाळवी. आई स्वयंपाकघरात, अप्पा अंगणात, मध्ये कुकरची शिट्टी. एका काना-मात्रेच्या फरकानं मी अठरा हजाराला निघालो होतो.

वडगावची_सून (सोमवार, रात्री ८.५५)

😂 अप्पांना चहा-चिवडा द्या आधी.

व्यवस्थापक (सोमवार, रात्री १०.३०)

मुंगळ्याला मराठीत काय म्हणावं आणि कन्नडमध्ये काय, यावरून सुरू झालेले सहा प्रतिसाद काढले आहेत. डोंगळा, मुंगळा, गोद्द, ज्याला जे येतं ते म्हणा. धागा मुंगळ्यांवर राहू द्या.

पेन्सिल्वेनियातला_टिळकवाडीकर (मंगळवार, पहाटे ४.१५)

मी राहतो त्या राज्याचं नावच इथल्या सुतार मुंगीला आहे, कॅम्पोनोटस पेन्सिल्वेनिकस. १७७३ पासून शास्त्रात तिची नोंद आहे. इथली घरं लाकडाच्या सांगाड्याची, त्यामुळं ही मुंगी म्हणजे घरमालकाच्या छातीवर धोंडा.

आमच्याकडं एप्रिलमध्ये खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं पंखवाल्या मुंग्या जमल्या. बाहेर अजून थंडी. माहीतगार माणूस म्हणाला, थंडीत आत पंखवाल्या दिसतात याचा अर्थ त्या आतच जन्मल्यात. खिडकीखालची चौकट दोन वर्षं झिरपत होती, मला पत्ता नाही. उघडली तर आत खोल्याच खोल्या.

इथं शिकलो ती गोष्ट सांगतो. एका वसाहतीची घरटी एकापेक्षा जास्त असतात. राणी, अंडी, बारक्या अळ्या मुख्य घरट्यात, आणि ते ओलसर जागी, बहुतेकदा बाहेरच्या कुजक्या झाडात नाहीतर बुंध्यात. मोठ्या अळ्या, कोष आणि कामकरी मुंग्या मात्र शाखेत, ती शाखा कोरड्या लाकडातही चालते. घरात आपल्याला सापडते ती बहुधा शाखा. ती मारली आणि मुख्यालय परसात राहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा नवी शाखा उघडते. वसाहतीला पंखवाले काढायला सुद्धा तीन ते सहा वर्षं लागतात, म्हणजे दिसेपर्यंत ती जुनी झालेली असते.

किडामुंगी (मंगळवार, सकाळी ७.१०)

टिळकवाडीकर, माहिती सोळा आणे. फक्त एक गोष्ट जोडतो, नाहीतर लोक घाबरतील.

तुमच्याकडची आणि आपल्याकडची एकाच कुळातली असली तरी सवयी वेगळ्या. आपल्या अंगणात दिसणारा नेहमीचा मोठा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, १७८७ पासून नोंदलेला, मुख्यतः मातीत राहतो. झाडाच्या बुंध्याशी, तुळशीवृंदावनाच्या कडेला, फरशीच्या सांध्यात. भोकाभोवती मातीचे कण रचलेले दिसतात. एकाच वारुळात बारके आणि डोकं मोठं असलेले असे वेगवेगळ्या मापाचे कामकरी असतात, त्यामुळं लोकांना दोन जाती वाटतात. हा चांगलं, कोरडं, टणक लाकूड पोखरायच्या भानगडीत सहसा पडत नाही. झाडांच्या पोकळ्यांत राहणाऱ्या जातीही आपल्या घाटाच्या पट्ट्यात आहेत. तुमचा नेमका कुठला हे फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही, आणि उपायाला त्यानं फरकही पडत नाही.

मुद्दा एवढाच की मुंगळा मऊ झालेल्या लाकडात शिरतो. म्हणजे पाणी आधी आलं, मुंगळा नंतर. जांबोटी_रोड, गळती कुठंय?

जांबोटी_रोड (मंगळवार, सकाळी ९.००)

गळती नाही सर. आई सांगते, एक थेंब पडत नाही आत.

रंधा_पटाशी (मंगळवार, दुपारी १.३०)

थेंब आत पडत नाही म्हणजे गळत नाही असं कुणी सांगितलं? तीस वर्षं कौलारू घरांचं सुतारकाम केलंय. गळलेलं पाणी वाशावरनं उतरत भिंतीत जातंय. खोलीत पडत न्हाई, म्हणून तर कळत न्हाई. वाशाचं टोक भिंतीवर जिथं टेकतंय तिथं बघा. आणि दोन पाखी, म्हणजे छपराचे उतार, मिळतात तिथली पन्हळ बघा. शंभरातली नव्वद घरं तिथंच कुजत्यात.

आता तपासायचं कसं. हातोडीच्या दांड्यानं वासा ठोकत जायचं, एका टोकापासनं. भरीव लाकूड टणटण वाजतंय, पोकळ लाकूड भद्द वाजतंय. भद्द वाजलं तिथं खडूनं खूण करायची. मग जाड स्क्रूड्रायव्हर टेकवून अंगठ्यानं दाबायचं. जोर न लावता आत गेला तर लाकूड गेलं.

अजून एक. स्टीलचा पेला वाशाला उलटा लावून कान लावा, दुसऱ्यानं ठोकायला पाहिजे. आत मुंगळे असतील तर कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतोय. मला लहानपणी वडिलांनी ऐकवलेला.

वासा कुठल्या लाकडाचा? सागाचा गाभा असेल तर लवकर जात न्हाई, खरं सालीलगतचं पांढरं लाकूड ठेवून वासे घातलेले असतात, ते पहिलं कुजतंय.

जांबोटी_रोड (गुरुवार, रात्री ११.५५)

झोप उडालीय, म्हणून आत्ताच लिहितो.

सरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणं टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधला. पांढऱ्या उजेडानं मुंगळे बिथरतात, लाल त्यांना नीट दिसत नाही. नऊ वाजता फणसाच्या पानावर मधाचे चार ठिपके देऊन पडवीत ठेवलं. वीस मिनिटांत एक मुंगळा आला, प्यायला, पोट फुगलं इतकं की कड्यांमधली पांढरी कातडी दिसायला लागली. मग तो परत निघाला आणि मी मागोमाग, शिडी घेऊन.

पडवीचा खांब, तिथून पाखीची कड, तिथून तिसऱ्या वाशाच्या टोकाशी, पन्हळीला लागून असलेल्या कौलाखाली गडप. दुसरी रांग त्याच कौलाखालून बाहेर येऊन पेरूच्या फांदीवर जात होती. आमचा पेरू पाखीवर रेललाय, आई त्याला हात लावू देत नाही. फांदीवर पांढरा पिठ्या ढेकूण चिकटलेला, आणि दर ढेकणापाशी एक मुंगळा, मिशीनं त्याला गोंजारतोय. ढेकणाच्या अंगातनं गोड थेंब येतो, तो चाटायचा. म्हशीला पान्हवतात ना, अगदी तसं. मी शिडीवर अर्धा तास उभा होतो, खाली आई ओरडत होती.

पेला लावला. पुतण्यानं ठोकलं. आवाज आला. खरंच कागद चुरगाळल्यासारखा. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला.

गळती होती, मंडळी. रंधा_पटाशी मामा, तुमच्या पाया पडतो.

रंधा_पटाशी (शुक्रवार, सकाळी ६.४५)

पाया राहू द्या, कौल बदला.

शिनोळी_काजू (शुक्रवार, सकाळी १०.२०)

आता स्प्रे आणून मारू नका हं. मी ती चूक केलीय. बाजारातला फवारा भोकात मारला, शंभरएक मेले, मला वाटलं संपलं. फवारा फक्त बाहेर पडलेल्यांना लागतो, वसाहतीतली बरीचशी मंडळी आतच असते. उरलेले दुसऱ्या भिंतीतनं बाहेर पडले. खडूची रेघ मारूनही तेच, रेघ सोडून पलीकडनं जातात.

हुक्केरीची_अक्का (शुक्रवार, सकाळी ११.००)

आमिष घाला. बोरिक पावडर आणि साखर. कॅरमची पावडर चालते, ती बोरिकच असते. मी निम्मी साखर निम्मी पावडर घातलेली, खरं मुंगळे तोंडसुद्धा लावत नव्हते. काय चुकलं?

किडामुंगी (शुक्रवार, दुपारी ४.४०)

अक्का, तुम्ही त्यांना जेवणाऐवजी विषच वाढलंत, म्हणून. आमिषाचं सगळं गणित हळू मारण्यात आहे. मुंगळ्याला दोन पोटं असतात म्हणा ना, एक स्वतःचं आणि एक गावजेवणाचं. बाहेर प्यायलेलं तो या दुसऱ्या पोटात घेऊन जातो आणि आत तोंडातोंडी सगळ्यांना वाटतो, अळ्यांना आणि राणीलाही. जहाल असेल तर तो चाखून सोडून देतो किंवा वाटेतच मरतो, आत काहीच पोचत नाही.

माप: एक लिटर कोमट पाणी, १०० ग्रॅम साखर, १० ग्रॅम बोरिक. म्हणजे एक टक्का. वाटीभर करायला जाऊ नका, दोन ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही. लिटरभरच करा, उरलेलं फेका. कॅरमची पावडर घेताना डब्यावर 'बोरिक' लिहिलंय का वाचा, हल्ली दुसऱ्याच पावडरी कॅरमसाठी म्हणून येतात, त्यांचा उपयोग शून्य. बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा, त्यावर द्रावण, आणि झाकण त्यांच्या वाटेवर ठेवायचं. पहिले दोन दिवस गर्दी वाढेल. घाबरून झाडू मारू नका, हीच गर्दी हवीय. दर दोन-तीन दिवसांनी ताजं करा, वाळलं की पीत नाहीत. दोन-तीन आठवडे धीर धरा.

बोरिक पोटात गेलं तर लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना बाधतं. पोराच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवायचं नाही. उरलेलं द्रावण सरबताच्या बाटलीत तर मुळीच नको.

आणि जांबोटी_रोड, आधी पेरूची ती फांदी उतरवा. ढेकणांचा गोड रस फुकट मिळत असताना तुमचं साखरपाणी कोण पिणार? बाकी फांद्यांवर पाण्याचा जोरात फवारा मारा, दोन दिवसांनी कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून. बुंध्याला कागद गुंडाळून त्यावर ग्रीसचा पट्टा द्या, सालीला थेट नको.

निपाणी_काकवी (शुक्रवार, संध्याकाळी ६.१५)

साखरेऐवजी काकवी वापरा, पातळ करून. आमच्याकडची डोंगळं साखरेला विचारतच न्हाईत. आणि काकवीलाही येईनात तर सुक्या बोंबलाचा चुरा ठेवून बघा. पिल्लं असली की त्यांना गोड नको असतंय, मासमच्छी लागते.

वडगावची_सून (शुक्रवार, रात्री ९.३०)

थोडं अवांतर. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, मुंगळा चावला की मुंडकं तुटेल पण पकड सोडणार नाही. खरं आहे का?

किडामुंगी (शुक्रवार, रात्री ९.४५)

खरं आहे. सुश्रुतसंहितेत तर फाटलेलं आतडं जोडायला मोठ्या काळ्या मुंग्या चावायला लावून त्यांची डोकी तशीच ठेवायचा उपाय सांगितलाय. मुंगळ्याला नांगी नसते, तो जबड्यानं चावतो आणि जखमेवर आम्ल फवारतो. चिरडल्यावर आंबट वास येतो तो त्याचाच.

जांबोटी_रोड (दुसऱ्या रविवारी, रात्री १०.२०)

उशीर झाला लिहायला, पण काम संपवूनच आलोय.

पेरूची फांदी उतरवली. आई दोन दिवस बोलली नाही. काकवीचं पाणी (निपाणीकर, मानलं तुम्हाला) पाखीच्या कडेला चार झाकणांत ठेवलं. पहिल्या रात्री झाकणाच्या कडेला मुंगळे इतके दाटले की बोळा दिसेना. सहाव्या दिवसापासून रांग विरळ. आठव्या दिवशी भुसा पडला नाही. काल सुतार आणि एक गवंडी घेऊन कौलं उतरवली.

तिसऱ्या वाशाचं भिंतीवरचं टोक, हातभर लांबीचं, भिजलेल्या खारी बिस्किटासारखं झालेलं. वरच्या कौलाला केसाएवढी चीर, खालून दिसतच नव्हती. सुतारानं पटाशीनं एक ढलपी उडवली आणि आतलं दिसलं. माती नाही, चिखल नाही. लाकडाच्या रेषेला धरून कोरलेल्या लांबट खोल्या, भिंती पोस्टकार्डाएवढ्या पातळ आणि पॉलिश पेपर मारल्यासारख्या गुळगुळीत. मऊ लाकूड काढून टाकलेलं, कठीण पट्ट्या तशाच ठेवलेल्या. सुतार हातातली पटाशी खाली ठेवून बघत राहिला, म्हणाला, "आमच्या पोरांना एवढं जमत न्हाई." बरेच मेलेले होते, थोडे जिवंत, सुस्त. पिवळट कोष तोंडात धरून दहा-बारा मुंगळे इकडंतिकडं पळत होते. बारकी अंडी, राणी काही दिसली नाही. म्हणजे टिळकवाडीकर म्हणाले ती शाखाच असणार.

कुजका भाग कापून मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाचा नवा तुकडा जोडला, टोकाला काजूच्या टरफलाचं तेल दोन हात. (हातमोजे घाला. सुतारानं घातले नाहीत, बोटांची सालं निघालीत.) भिंत आणि लाकूड यांच्यात बोटभर मोकळी जागा सोडली. पन्हळीचा पत्रा नवीन. सगळं मिळून सात हजार तीनशे, त्यात पत्राच निम्मा.

रंधा_पटाशी (सोमवार, सकाळी ६.३०)

बोटभर मोकळी जागा सोडली ते बेस. पावसाळ्यात एकदा वर चढून त्या सांध्याला हात लावून बघा, ओल लागली तर लगेच फोन करा.

शिनोळी_काजू (सोमवार, सकाळी ९.१५)

आणि मुख्य वारूळ? ते शोधलं का?

जांबोटी_रोड (सोमवार, रात्री ९.४०)

शोधायची गरजच नव्हती. तुळशीवृंदावनाच्या मागं, चौथऱ्याच्या सांध्यात, मातीचे कण रचलेली चार भोकं आहेत. आई रोज सकाळी पाणी घालून झालं की तिथं चिमूटभर रवा आणि साखर ठेवते, मला आठवतं तेव्हापासून. घरातल्या रांगेतली निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच असणार. सरांना विचारलं, ते म्हणाले, मातीत आहेत तर राहू देत, बागेतली कीड खातात. वाशात ओल नाही, फांदीचा पूल नाही, मग वर यायचं कारण उरत नाही. म्हणून तिथं मी झाकण ठेवलं नाही.

पण पाखीवरचं काकवीचं पाणी पिऊन ते घरी कुठं गेले असतील, हे मलाही कळतं. आज सकाळी आईचा फोन आला होता. पावसाचं, पेरूचं, अप्पांच्या गुडघ्याचं बोलून झालं, मग म्हणाली, "अरे, तुळशीपाशी मुंगळे कमी दिसायला लागलेत. रवा तसाच पडून राहतोय. तू वर काय घातलं होतंस?"

रेंज गेली म्हणून फोन ठेवला. अजून परत लावलेला नाही.